माइक कुणाच्या हातात?

‘ब्रॉकमायर’ ही अमेरिकी विनोदी मालिका मे २०२० मध्ये संपली आणि अवघ्या तीन महिन्यांत तिची आठवण व्हावी असा प्रकार खऱ्याखुऱ्या सामन्यात घडला. १९ ऑगस्ट रोजी सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल संघाचे समालोचक थॉम ब्रेनमन यांनी, आपला माइक बंद आहे अशा समजुतीत, समलैंगिकांविषयी एक अश्लाघ्य शब्द उच्चारला. तो थेट प्रक्षेपणात गेला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात ते प्रेक्षकांची क्षमा मागू लागले, तोच निक कॅस्टेयानोस याने चेंडू कुंपणापलीकडे टोलावला. ब्रेनमन यांनी क्षमायाचना अर्ध्यावर थांबवली, फटक्याचे वर्णन केले, धावसंख्या सांगितली आणि मग तुटलेला धागा पुन्हा उचलला. आवाजाची पट्टी मात्र दोन्हीकडे एकच होती. महिनाभरापेक्षा थोड्या अधिक काळाने त्यांनी राजीनामा दिला.

जोएल चर्च-कूपर यांनी लिहिलेली ही मालिका २०१७ पासून आयएफसी वाहिनीवर चार हंगाम चालली. हँक अझारिया यांनी रंगवलेला जिम ब्रॉकमायर हा नामांकित समालोचक. पत्नीचा व्यभिचार डोळ्यांनी पाहिल्यावर तो दारूच्या अमलात माइकसमोर बसतो आणि सामन्याच्या वर्णनातच आपल्या संसाराचे धिंडवडे, तपशिलासह, श्रोत्यांना ऐकवतो. नोकरी जाते. पुढची दहा वर्षे तो देशोदेशी भटकतो आणि कोंबड्यांच्या झुंजींचे समालोचन करण्यापर्यंत त्याची मजल जाते. परतल्यावर त्याला कळते की आपल्या त्या रात्रीची चित्रफीत इंटरनेटवर अमर झाली आहे आणि तरुण पिढी आपल्याला केवळ त्या एका फजितीमुळे ओळखते.

मालिकेची भाषा घरात चारचौघांत ऐकण्याजोगी नाही. शय्यागृहातले उल्लेख, मद्य, अमली पदार्थ आणि शिव्या यांची रेलचेल आहे, आणि ती काही ठिकाणी निव्वळ चटकदारपणासाठी आहे हेही नाकारता येणार नाही. परंतु तिचा खरा विनोद शिव्यांत नाही. जुन्या रेडिओ समालोचकाचा घरंदाज, लयदार, किंचित गोडसर स्वर ब्रॉकमायर क्षणभरही सोडत नाही. बरबादीसुद्धा तो त्याच स्वरात सांगतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे धावते वर्णन ऐकलेल्या पिढीला त्यातली गंमत चटकन उमगेल. तोच शांत, स्वच्छ आवाज षटकांच्या मधल्या वेळात घरातली भानगड सांगू लागला तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी! अमेरिकी बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. सहा महिने जवळपास रोज संध्याकाळी एकच आवाज घरात येतो आणि घरचाच होऊन बसतो. म्हणूनच त्या आवाजाचे स्खलन लोकांना इतके जिव्हारी लागते.

ब्रॉकमायरला परत कोण बोलावते, हा मालिकेतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. मॉरिसटाउन हे पेनसिल्व्हेनियातले उतरती कळा लागलेले काल्पनिक गाव. तेथे खडक फोडून नैसर्गिक वायू काढतात, आणि गावाच्या दुय्यम दर्जाच्या संघाचे नाव त्या उद्योगावरूनच ‘फ्रॅकर्स’ असे पडले आहे. संघाची मालकीण ज्यूल्स ही त्याला क्षमा करण्याच्या फंदात पडत नाही. त्याची बदनामी ऐकायला चार माणसे जास्त येतील, एवढा तिचा हिशोब. पश्चात्ताप झाला की नाही, हे कुणी विचारत नाही. मद्यमुक्तीची वाट तो धरतो ती फार पुढे. लेखकाने येथे साखरेचे पाणी पाजलेले नाही. गाव तितकेच गरजू आहे आणि माणूस तितकाच पडेल भावाचा.

अशा गावांचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. २०२० च्या अखेरीस मेजर लीग बेसबॉलने आपल्याशी संलग्न दुय्यम संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. कात्री लागली ती बहुतांशी लहान गावांना. मालिकेच्या अखेरच्या हंगामात, २०३० च्या दशकात, बुडत्या बेसबॉलला वाचवण्यासाठी ब्रॉकमायरलाच त्या खेळाचे आयुक्तपद मिळते. हा विनोद आता तितकासा अतिशयोक्त वाटत नाही. ब्रेनमन यांचा प्रवासही याच वाटेने झाला. राजीनाम्यानंतर ते पोर्तो रिकोतील हिवाळी स्पर्धेत बोलले आणि २०२४ मध्ये सीडब्ल्यू वाहिनीने त्यांना महाविद्यालयीन फुटबॉलसाठी घेतले.

खुद्द अझारिया यांची गोष्ट थोडी निराळी. ‘द सिम्प्सन्स’मधील अपू या भारतीय दुकानदाराला त्यांनी अनेक वर्षे आवाज दिला. त्या उच्चारांमुळे अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या मुलांची शाळेत कशी टवाळी होई, हे हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ च्या माहितीपटाने चव्हाट्यावर आणले. जानेवारी २०२० मध्ये अझारिया यांनी ती भूमिका सोडली आणि २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. उशीर झाला खरा. तरी क्षमा मागून त्यांना कोणती खुर्ची परत मिळवायची नव्हती.

पण स्वतःच्या दुर्वर्तनाने पडणारा समालोचक हा या प्रश्नाचा सोपा भाग. बॉल्टिमोर ओरिओल्सचे केव्हिन ब्राउन यांना २०२३ च्या उन्हाळ्यात काही दिवस माइकपासून दूर ठेवण्यात आले. टॅम्पा बेच्या मैदानावर आपल्या संघाची मागील वर्षांतील कामगिरी किती वाईट होती आणि यंदा ती किती सुधारली, एवढेच ते बोलले होते. म्हणजे केली ती स्तुतीच. परंतु ते ज्या वाहिनीवर बोलत होते तिची बहुतांश मालकी त्या संघाकडेच होती. देशभरातले समालोचक त्यांच्या बाजूने बोलले तेव्हा संघाची पुरती शोभा झाली.

भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. हैदराबादच्या मराठी घरात वाढलेले हर्षा भोगले २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर समालोचकांच्या यादीतून वगळले गेले. आपल्याला कारण सांगण्यात आलेले नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले. संजय मांजरेकर यांनी २०१९ च्या विश्वचषकात रवींद्र जडेजाविषयी केलेली टिप्पणी गाजली आणि मार्च २०२० मध्ये क्रिकेट मंडळाच्या समालोचन मंडळातून त्यांना दूर करण्यात आले. टिप्पणी उणी असेल, अनुदारही असेल; पण अपशब्द नव्हता. त्याच वर्षी पुनरागमनासाठी त्यांनी मंडळाला पत्र पाठवून, मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार काम करण्याची तयारी दाखवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मॉरिसटाउनच्या मालकिणीने ब्रॉकमायरकडून असे काही लिहून घेतले नव्हते. तिला तिकिटे खपायला हवी होती, आणि तो काय बोलेल याची चिंता तिने सोडून दिली होती.