आधी खूण करा, मगच वायर काढा



विषय वाचून काही जण म्हणतील, प्राथमिक शाळेतल्या बाईंना गाडीच्या स्पार्क प्लगशी काय देणंघेणं? पण कशेळीत राहणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. बाळकुम सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की आपलं गाव. पुढे काल्हेर, पूर्णा, थेट अंजूरफाट्यापर्यंत गोदामं, ट्रक, टेम्पो, रिक्षा आणि त्यांच्यावर जगणारी गॅरेजं. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाबा, काका, मामा गाडीवर आहेत. रविवारी दारात बॉनेट उघडलं जातं, तेव्हा हातात पाना धरून मूल शेजारी उभं असतं. तिथे ते काय शिकतं, याचा विचार शिक्षकांनी करायला हवा असं मला वाटतं.

माझं मत आधीच सांगते. घरी गाडीची बारीकसारीक कामं करायला काहीच हरकत नाही. पण प्लगच्या वायरींची अदलाबदल होते, ती बहुतेक वेळा ज्ञान कमी पडल्यामुळे होत नाही. सोडवण्याआधी नोंद करायची सवय नसते, म्हणून होते. ही सवय लावण्याची जागा शाळा आहे, आणि आपण ती लावत नाही.

वायरींचं काम काय?

गोदामांसमोर उभे असलेले ट्रक डिझेलवर चालतात. त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाडीला मात्र ठिणगी लागते. प्लग ती ठिणगी देतो आणि त्यासाठी हजारो व्होल्टचा दाब जाड वायरीतून प्लगपर्यंत जातो.

जुन्या गाड्यांत हा करंट वाटून देणारा एक भाग असतो, डिस्ट्रीब्यूटर. जुने मेकॅनिक त्याला डेल्को म्हणतात. त्याच्या आत एक दांडी फिरते आणि टोपणातल्या एकेका खुंटीला पाळीपाळीने करंट देते. प्रत्येक खुंटीतून एक वायर निघून आपापल्या सिलिंडरच्या प्लगवर जाते. थोडक्यात, वर्गात हजेरी घेतात तसं. ज्याचं नाव पुकारलं, त्यानेच 'हजर' म्हणायचं.

चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या बहुतेक इंजिनांत ही पाळी १-३-४-२ अशी असते. मुलं लगेच विचारतात, "बाई, १-२-३-४ का नाही?" प्रश्न फार चांगला आहे. अशा इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकदम वर येतात, आणि ते खाली गेले की २ आणि ३ एकदम वर येतात. ठिणगी पिस्टन वर असताना लागते. म्हणून १ नंतर २ किंवा ३ चीच पाळी येऊ शकते. २ ची पाळी झाली की अर्ध्या फेऱ्यानंतर वर येणार १ आणि ४ ची जोडी, त्यामुळे २ नंतर लगेच ३ येणं शक्यच नाही. उरतात दोनच क्रम: १-३-४-२ किंवा १-२-४-३. त्यातला कोणता, हे व्हॉल्व्ह उघडण्याच्या क्रमावरून कारखान्यातच ठरलेलं असतं. आपण तो निवडायचा नसतो, फक्त पाळायचा असतो.

मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, त्याची पाळी १-३-२. गाडी बदलली की क्रम बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा क्रम आपल्या गाडीला लावू नये.

अदलाबदल झाली की काय होतं?

समजा, डिस्ट्रीब्यूटरच्या गाडीत १ आणि ४ च्या वायरी उलटसुलट बसल्या. दोन्ही पिस्टन एकदम वर येतात खरे, पण एकात त्या वेळी ताजं मिश्रण दाबलेलं असतं आणि दुसऱ्यातून जळका धूर बाहेर पडत असतो. ठिणगी नेमकी धूरवाल्या सिलिंडरला मिळते. म्हणजे दोन सिलिंडर बिनकामाचे. गाडी चालू झालीच तर थरथरते, जोर धरत नाही.

१ आणि ३ ची अदलाबदल झाली तर आणखी वाईट. तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी अर्धा फेरा आधी मिळते, जेव्हा मिश्रण आत येण्याची वाट अजून पूर्ण बंद झालेली नसते. मग जाळ उलटा कार्ब्युरेटरकडे येतो आणि फटाका वाजल्यासारखा आवाज होतो. कुठल्याही सिलिंडरात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथे पेट घेतं किंवा नुसता वास मारत राहतं. अलीकडच्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. न जळलेलं इंधन तिथे जाऊन जळू लागलं की तो अती तापून खराब होतो, आणि तो बदलणं प्लग बदलण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून "चालवून बघू, होईल नीट" हा सल्ला इथे चालत नाही. गाडी धक्के मारायला लागली की बंद करायची.

आणि याची घाई केवढी असते बघा. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक म्हणजे मिनिटाला १५०० ठिणग्या लागतात. चार सिलिंडरच्या झाल्या ६०००, म्हणजे सेकंदाला १००. आपण वायर एकदाच चुकवतो, इंजिन ती चूक दर सेकंदाला कितीतरी वेळा गिरवतं.

खरा खर्च अंदाजाचा असतो

आता माझा मुख्य मुद्दा. गाडी काल नीट चालत होती. आज प्लग साफ करून परत बसवले आणि गाडी उचलेना. अशा वेळी बहुतेक लोक काय करतात? "प्लगच गेले असतील" म्हणून नवे प्लग आणतात. मग कॉइल. मग बॅटरी. खरं तर प्लग चांगले, वायरी चांगल्या, बॅटरीही चांगली. बिघडलाय तो फक्त क्रम, आणि तो दुकानात विकत मिळत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे या वायरी इकडून तिकडे लावून बघणं. जरा हिशेब करा. चार वायरी चार जागी लावायचे प्रकार ४ × ३ × २ × १ = २४. त्यातला बरोबर एक. तीन वायरी काढल्या असतील तर ६ प्रकार, दोन काढल्या असतील तर २. आणि एका वेळी एकच वायर काढली, तो प्लग पाहून परत बसवला आणि मग दुसरीला हात लावला, तर प्रकार किती? एकच! मोकळी जागा एक, हातात वायर एक. चुकायला वावच नाही. इतकं सोपं गणित आहे, पण घाईत चारही वायरी एकदम उपटल्या जातात.

एक गंमत अशी की मधल्या काळातल्या काही गाड्यांत डिस्ट्रीब्यूटर काढून टाकला आणि १ व ४ या दोघांना एकाच कॉइलने एकाच वेळी ठिणगी द्यायची व्यवस्था आली. तिथे १ आणि ४ ची अदलाबदल झाली तरी गाडी चालते. पण १ आणि २ ची झाली की नाही. म्हणून "मी मागच्या वेळी कशाही लावल्या होत्या, चालली की!" हा पुरावा धरू नये. नशिबाने बरोबर आलेलं उत्तर आणि रीतीने काढलेलं उत्तर यातला फरक आपण शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

घरी करायचंच असेल तर

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, किल्ली काढून ठेवा.
२. वायर काढण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर लिहा. एक नंबरचा सिलिंडर कोणत्या बाजूचा, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.
३. मोबाईलवर फोटो काढाच, पण नुसत्या फोटोवर राहू नका. वायरी एकमेकींवरून गेलेल्या असतात, फोटोत कोणती कुठे गेली ते कळत नाही.
४. वायर मधे धरून ओढू नका. प्लगवरचं रबरी टोपण धरून, हलकेच फिरवून काढा.
५. एका वेळी एकच वायर.
६. ठिणगी येते का हे वायर हातात धरून कधीही बघू नका.
७. काम झाल्यावर गाडी बिघडली, तर ज्याला शेवटचा हात लावला तेच आधी तपासा.

जुनी विद्या, नवी गाडी

एके काळी मुंबई-ठाण्याच्या टॅक्सीवाल्यांना हे तोंडपाठ होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. चार सिलिंडर, पाळी १-३-४-२. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल असते, लांब वायरीच नसतात.

मग कुणी म्हणेल, जे संपत चाललंय ते शिकवायचं कशाला? वायरी जातील, पण काहीतरी उघडायची वेळ जाणार नाही. पाण्याचा पंप, मिक्सर, फ्यूजची पेटी, शाळेच्या संगणकामागच्या केबली, सगळीकडे हाच प्रश्न येतो: काढलेलं परत कुठे बसवायचं? भिवंडीच्या यंत्रमागावर ताण्याचा एक धागा चुकीच्या जागेतून ओवला गेला, तर कापडात उभी रेघ उमटते आणि धागा सुधारेपर्यंत ती पुढे पुढे जातच राहते. तिथला कारागीर सूत बदलत नाही, कुठला धागा चुकला ते शोधतो.

आणि आपला वर्ग

आता पाटीवरचं एक उदाहरण बघू. ५२ वजा ३८. मूल लिहितं २६. आपण लाल फुली मारतो आणि म्हणतो, "याला वजाबाकी येत नाही." पण त्याने काय केलंय? ८ मधून २ गेले ६, ५ मधून ३ गेले २. दोन्ही वजाबाक्या बरोबर आहेत! एककाच्या घरात फक्त २ आणि ८ ची अदलाबदल झाली. उत्तर १४ यायला हवं होतं. अशा मुलाला पुन्हा पहिल्यापासून वजाबाक्या घोकायला लावणं म्हणजे चांगले प्लग फेकून नवे आणणं. त्याला कुठे हात चुकला ते दाखवलं की तो दोन दिवसांत सुधारतो. नाही दाखवलं, तर 'ढ' हा शिक्का घेऊन वरच्या वर्गात जातो आणि तिथेही अडखळत राहतो. गाडी निदान गॅरेजला नेता येते. मुलाचं काय करणार?

हाताच्या कामातून शिकवायचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. आपल्या रस्त्यावर इतकी गॅरेजं आहेत. एखाद्या मेकॅनिकदादांना वर्गात बोलावून "तुम्ही खोलताना खूण कशी करता?" एवढंच विचारलं तरी तासाचं सोनं होईल. शिवाय ज्या मुलाचे बाबा हे काम करतात, त्याची मान त्या दिवशी वर होईल. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात जावं लागेल" हे वाक्य आपण शिक्षकांनी तरी आता टाकून द्यावं.

मुलांना इंजिनाजवळ नेण्यात धोका आहे, हे मान्य. पण इंजिन लागतच नाही. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं पाडा, त्यांना नंबर द्या आणि एकाच रंगाच्या लोकरीचे चार धागे उलटसुलट ओवा. एका गटाने सगळे धागे एकदम काढून परत पहिल्यासारखे लावायचे. दुसऱ्या गटाने आधी वहीत नोंद करायची, मग एकेक धागा काढायचा आणि परत लावायचा. कुणाला किती वेळ लागला आणि कुणाचं बरोबर आलं, ते मुलांनीच फळ्यावर लिहायचं. तिसरी-चौथीला एका तासिकेत होतं.

घरचा अभ्यासही देऊन टाका: घरातली कोणतीही एक वस्तू मोठ्यांसमोर उघडा, पण उघडण्याआधी तिचं चित्र काढून भागांना नंबर द्या. बंद झालेली विजेरी किंवा साधं शाईचं पेनसुद्धा चालेल. वही तपासताना वस्तू परत नीट जोडली गेली का, यापेक्षा चित्र आधी काढलं होतं का, ते बघा.