गाडीने हिशेब द्यावा, हाकही मारावी

उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या सातारा-सांगलीच्या माणसाला नव्या नाहीत. रात्री गाडीवान मोळ्यांना टेकून डोळा लावतो. पण बैल वाट सोडत नाहीत. रिकामी गाडी घेऊन परतताना तर ते आपणच खोपीशी येऊन उभे राहतात. मोटारीला ही जाण नाही. चालवणाऱ्याचा डोळा लागला की ती समोर येईल त्यावर जाऊन आदळते.

हे आठवायला कारण घडले. सांगलीतले लग्न आटोपून आम्ही रात्री साताऱ्याला परतत होतो. मोटार विजेवरची, नवी कोरी. आष्टा गेले, पेठ नाका गेला, कऱ्हाडही मागे पडले. उंब्रजच्या पुढे गाडी हळूहळू डावीकडे सरकू लागली. शेजारी पत्नी जागी होती. तिने दंडाला धरून हलवले, तेव्हा मी भानावर आलो. मागच्या सीटवर मुले झोपली होती.

याच गाडीत पट्टा लावायला जरा उशीर झाला की घंटी वाजते. ताशी ८० किलोमीटरचा वेग ओलांडला की वाजते आणि १२० च्या पुढे तर थांबतच नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना ही घंटी सक्तीची आहे. ते योग्यच झाले. पण चालकाचे डोळे मिटले तेव्हा हीच बोलघेवडी गाडी मुकी झाली!

दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारले, "जाताना किती चार्जिंग लागले आणि येताना किती?" मला सांगता येईना. पडद्यावर अनेक दिवसांची मिळून एक सरासरी दिसत होती. कालची जाण्याची फेरी वेगळी आणि येण्याची वेगळी, अशी नोंद कुठेच नव्हती. वडिलांकडे एके काळी साताऱ्याच्याच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तयार झालेली 'प्रिया' होती. पेट्रोल भरले की किलोमीटरचा आकडा ते खिशातल्या डायरीत लिहीत. स्कूटर आचके देऊ लागली की कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि पंप गाठायचा, हा त्यांचा हिशेब पक्का होता. "एवढ्या लाखांची गाडी, आणि तिला साधी डायरी ठेवता येत नाही?" ते म्हणाले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

विजेच्या मोटारीला तर हा हिशेब अधिकच हवा. सातारा सांगलीपेक्षा उंचावर आहे. चढाला बॅटरी भराभर उतरते, उताराला थोडी वीज परत मिळते. वेग वाढवला, एसी लावला, माणसे जास्त बसली, की आकडा बदलतो. खंबाटकीच्या चढाला किती टक्के गेले हे मागच्या नोंदीवरून कळले, तर पुढच्या वेळी कुठे थांबून चार्जिंग करायचे ते ठरवता येते. पेट्रोल संपले तर डब्यातून आणता येते; वीज डब्यातून आणता येत नाही.

ही सोय अवघड म्हणावी, तर तसेही नाही. बॅटरीतून किती वीज गेली आणि किती परत आली, हे गाडीतला संगणक क्षणोक्षणी मोजतच असतो. ते फेरीनुसार लिहून ठेवायचे, एवढेच उरते. झोपेच्या इशाऱ्याचेही तसेच. पेंगुळलेला माणूस स्टिअरिंग काही काळ हलवतच नाही आणि मग एकदम झटका देतो. या खुणेवरून काही गाड्या चालकाला सावध करतात. काही गाड्यांत त्यासाठी कॅमेरा असतो. व्होल्वोने असा इशारा २००७ मध्येच आणला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत तो सक्तीचा आहे. आपल्याकडे महागड्या गाड्यांत या सोयी मिळतातही. पण झोप काही गाडीची किंमत विचारून येत नाही. शिवाय विजेच्या मोटारीत इंजिनाची घरघर नाही, गिअर बदलणे नाही. ही शांतता सुखाची खरी, पण रात्री तीच अंगाई होते, हा माझा अनुभव आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, यंत्रावर किती विसंबायचे? खरे आहे. इशारा म्हणजे पहारेकरी. झोप भरून काढणारे औषध नव्हे. डोळा जड झाला की गाडी बाजूला घेऊन थांबणे, याला पर्याय नाही. दुसरा आक्षेप अधिक मोलाचा. आपण कुठे गेलो, किती वाजता परतलो, याची नोंद ठेवली तर ती वाचणार कोण? घरातल्या तरुण मुलीलाही आपल्या प्रत्येक फेरीवर बापाची नजर नको असते, मग कंपनीची कशाला हवी? म्हणून ही वही गाडीच्या मालकाच्या हाती हवी. ती सुरू करणे, बंद करणे, पुसून टाकणे त्याच्या मर्जीवर असावे. सरकारी जीपचे लॉगबुक जीपमध्येच असते, तसे.

गाडी घ्यायला गेल्यावर आपण रंग पाहतो, पडदा केवढा आहे ते पाहतो, गाणी कशी वाजतात ते ऐकतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत: प्रत्येक फेरीचा हिशेब ही गाडी देते का? आणि मला डुलकी लागली तर ती हाक मारते का? गिऱ्हाईक विचारू लागले की बनवणाऱ्यांना उत्तर द्यावेच लागते.

धनी झोपला तरी बैल त्याला घरी आणतो. मोटारीकडून तेवढी अपेक्षा नाही. तिने धन्याला वेळेवर उठवावे आणि घरी आल्यावर वाटेत किती खर्चले ते सांगावे, एवढेच मागणे आहे.