शहरातल्या मातीची ओळख कोण करून देणार?



गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या परसबागेत मेथी पेरली. उगवली, पिवळी पडली, गेली. "बाई, बी खराब होतं," मुलं म्हणाली. वीतभर खणलं तर विटांचे तुकडे आणि सिमेंटचे खडे! राडारोड्यावर जेमतेम दोन इंच माती टाकलेली. सिमेंट-चुन्यामुळे मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. मग लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. बी बिचारं निर्दोष असावं.

आपण वर्गात काळी, जांभी, गाळाची माती शिकवतो. ती शेतातली. शहरातली मुलं ज्या मातीत खेळतात, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये जमीन आरोग्य पत्रिका आली. तिच्यात १२ घटक तपासतात, पण शिसं त्यात नाही. शहरात नेमकी त्याचीच काळजी हवी. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, रंगातल्या शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. पण मातीत साठलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं. जुन्या रंगाचे पोपडे पडणाऱ्या भिंतीलगत ते असू शकतं. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक आहे.

हे ज्ञान कृषी विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत आहे. ते माळीदादा, ठेकेदार, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यापर्यंत पोचत नाही. मुळांनाही हवा-पाणी लागतं हे कोणी सांगितलंच नाही, तर पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत बसणारच ना? मला वाटतं, हा दुवा शाळाच होऊ शकते.

पुढच्या पालकसभेत एवढं करा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा अंगणातली माती घ्या, वर पाणी भरा, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत. चिकणमातीला दिवस किंवा जास्तही लागतो. शिसं असं दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तोवर जुन्या भिंतीपासून दूर, कुंड्यांत किंवा वाफ्यात चांगली माती भरून भाजी लावा. खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा.

आणि त्या सभेला माळीदादांनाही बोलवा. मागे उभं नको, पुढच्या खुर्चीवर बसवा.