कुमारकथेतली सुटी कोणाची?

मराठी मुले वाचत नाहीत, ही तक्रार आता इतकी रुळली आहे की तिचा पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. संमेलनाच्या व्यासपीठावर ती होते, पालकसभेत होते, प्रकाशकांच्या बैठकीत होते. आरोपी प्रत्येक वेळी तोच असतो: चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. त्यांच्या हाती वडीलधाऱ्या समाजाने आजवर काय ठेवले, हा प्रश्न मात्र आरोपपत्रात कधी येत नाही.

तो प्रश्न विचारायचा तर कुमारकथेच्या एका लाडक्या संकेतापासून सुरुवात करावी. हा संकेत म्हणजे सुटी. परीक्षा संपते, मे महिना लागतो, मामाचे गाव येते. गावाजवळ किल्ला असतो, किल्ल्यात भुयार असते, भुयारात चोर असतात. आणि जून उजाडण्याच्या आत चोर गजाआड होऊन मुले सुखरूप घरी परततात. या दीड महिन्यात त्यांना कोणी खर्चाचा हिशेब विचारत नाही. शिदोरी कोणी बांधली, हेही सहसा कळत नाही. सुटीतल्या साहसाला आक्षेप असण्याचे कारण नाही; मुलांना साहस हवेच. प्रश्न एवढाच की ही सुटी कोणाला मिळते?

याचे उत्तर देशाच्या कायद्यातच लिहिलेले आहे. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली. पण शाळा सुटल्यानंतर आणि सुटीच्या दिवसांत कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची मुभा ठेवली. चौदा ते अठरा या वयोगटाला त्याने ‘किशोरवयीन’ असे नाव दिले आणि खाणी, स्फोटके, धोकादायक प्रक्रिया एवढे सोडून बाकीची कामे त्यांना मोकळी केली. २००९ च्या कायद्याने दिलेला शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा आहे. म्हणजे ज्या वाढदिवशी शिकण्याचा हक्क संपतो, त्याच वाढदिवशी राबण्याची परवानगी सुरू होते. कथेतला किशोर सुटीवर आहे. कायद्यातला किशोर कामावर आहे. या दोघांची मराठी पुस्तकात क्वचितच गाठ पडते.

मराठीतली परंपरा पहिल्यापासून इतकी निर्धास्त नव्हती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकात वात्सल्य आहे, तसेच कर्जही आहे. वाढत जाणारे व्याज आहे, दारात येऊन अपमान करणारा सावकाराचा माणूस आहे आणि डोक्यावरचे छप्पर जाण्याची धास्ती आहे. पुढच्या पिढ्यांनी त्यातून माया आणि संस्कार तेवढे वेचून घेतले. रडू शिल्लक राहिले, रडण्याचे कारण गळाले. ग्रामीण कर्जबाजारीपणावरचे एक जिवंत पुस्तक बक्षीससमारंभात वाटण्याची वस्तू होऊन बसले, हा दोष पुस्तकाचा नाही.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचीही अशीच गत झाली. जादूची कांडी नाही, अंगात बळ नाही, केवळ अक्कल आणि धिटाई यांच्या जोरावर संकटाला भिडणारा हा काटकुळा पोरगा फुरसुंगीचा होता. त्याच्या सायकलमागून कित्येक पिढ्या धावल्या आणि योग्यच धावल्या. पण त्याचे फुरसुंगी आज कोठे आहे? उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांच्या शिवारात पुणे शहराने वर्षानुवर्षे आपला कचरा नेऊन ओतला. विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने जगणे कठीण झाले, गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. आजच्या फुरसुंगीत जन्मलेल्या बनेशपुढे केवढे तरी रहस्य उलगडण्यासाठी पडले आहे! शहराची घाण गावाच्या माथी कोणी मारली, हे शोधायला भुयाराची गरज नाही. मात्र ही शोधकथा अजून लिहिली जायची आहे.

यावर जाणकार ‘वनवास’ आणि ‘शाळा’ यांची नावे पुढे करतील. प्रकाश नारायण संतांचा लंपन (१९९४) आणि मिलिंद बोकिलांचा आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद (२००४) ही मराठी गद्याची भूषणेच आहेत. पण ही पुस्तके आली ती प्रौढांच्या कपाटात. त्यांचे बहुसंख्य चाहते आपले हरवलेले बालपण त्यांत शोधतात. पौगंडावस्था ही मराठी साहित्यात प्रामुख्याने आठवण्याची गोष्ट झाली आहे. जो ती आज भोगतो आहे त्याच्याशी बोलायला फारसे कोणी तयार नाही.

ज्यांनी त्या वयातले श्रम आणि अपमान निःसंकोच लिहिले, त्यांची वाट तर वेगळीच लावण्यात आली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने आहेत, आणि त्यांचा मोठा भाग पोरवयाचा आहे. भूक, शाळा, शिवीगाळ, पहिली मजुरी हे सारे त्यांत आहे. समीक्षेने त्यांना ‘दलित साहित्य’ या दालनात मानाने बसवले आणि दार लोटून घेतले. पंधरा वर्षांच्या वाचकाला हे आपल्याच वयाचे पुस्तक आहे असे सांगण्याचे धाडस किती शाळांनी केले? भाषा रांगडी आहे, अनुभव दाहक आहे, अशी सबब पुढे येते. जे जगायला तो मुलगा लहान ठरला नाही, ते वाचायला शेजारच्या बाकावरचा मुलगा लहान कसा ठरतो?

दरम्यान इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत ‘यंग अॅडल्ट’ नावाचे स्वतंत्र कपाट आले. ते परके म्हणून नाके मुरडण्यापूर्वी त्यात काय आहे ते पाहावे. या प्रवाहाच्या आरंभी ज्या कादंबरीचे नाव घेतात ती एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. लिहू लागली तेव्हा लेखिका स्वतः शाळकरी होती, आणि तिचा विषय होता एकाच गावातल्या गरीब वस्तीच्या व श्रीमंत वस्तीच्या पोरांमधले वैर. म्हणजे उघडउघड वर्गभेद. सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या अद्भुत कादंबरीची नायिका कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात बाप गमावलेली मुलगी आहे. तिथे उपाशी घरातली मुले वर्षभराच्या तुटपुंज्या धान्यातेलासाठी मृत्यूच्या सोडतीत आपल्या नावाची एकेक चिठ्ठी वाढवतात. ज्याच्या घरी भूक जास्त, त्याच्या चिठ्ठ्या जास्त. काल्पनिक देशाच्या कथेला रेशनचे गणित इतके नेमके कळावे आणि आपल्या वास्तववादी म्हणवणाऱ्या कुमारकथेला किराण्याची उधारीही दिसू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

मुलांना स्वप्ने हवीत, दुःखे नकोत, असा युक्तिवाद होईल. जगभरच्या मुलांनी ती भुकेची कादंबरी रात्री जागून वाचली, हेच त्याला उत्तर. पण एक दोष पुरोगामी गोटानेही पदरात घेतला पाहिजे. कामगाराचा मुलगा म्हटला की तो सद्गुणांचा पुतळा, मालक म्हटला की राक्षस, आणि शेवटी मोर्चा, अशा बोधकथा आपल्याकडच्या मंडळींनी थोड्या का लिहिल्या? चोखंदळ किशोर वाचकाला उपदेशाचा वास पहिल्या पानावर येतो. देवळातला असो की युनियनच्या कचेरीतला, तो पुस्तक मिटतो.

राहिला मागणीचा प्रश्न. अशा पुस्तकांना मागणी नाही, असे प्रकाशक म्हणतात. इच्छा आणि खिशातला पैसा एकत्र आले म्हणजेच बाजारात मागणी उमटते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. ज्याच्या घरी पुस्तकाला पैसा नाही त्याची इच्छा बाजाराला ऐकूच येत नाही. म्हणूनच महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि म्हणूनच १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक स्वस्तात मुलांच्या हाती दिले. शिक्षणहक्काच्या कायद्यानेही प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले आहे. या सार्वजनिक पैशातून चौदा ते अठरा वयाच्या वाचकासाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, पुस्तकांच्या निवडीत त्या वयाच्या मुलामुलींना बसवावे, आणि ही पुस्तके रात्रशाळा व हंगामी वसतिगृहे येथवर पोचवावीत. ही मागणी अवाजवी नाही.

हंगामी वसतिगृहांचे नाव सहज घेतलेले नाही. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे बीडसारख्या जिल्ह्यात अजाण मुलींची लग्ने घाईने उरकली जातात आणि नववीतली मुलगी फडात पोचते. तिच्या गोष्टीत पाठलाग आहे, काळोख आहे, पळून जाण्याचा बेत आहे, मैत्रिणीने पोचवलेला निरोप आहे. साहसकथेला लागते ते सारे आहे. सुटी तेवढी नाही. ती गोष्ट लिहिली जाऊन तिच्याच वयाच्या मुलीच्या हाती पडेपर्यंत, मुले वाचत नाहीत असे म्हणण्याचा अधिकार मोठ्यांना नाही.