परक्या वर्गातली इंग्रजी

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातले १८८५चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपापल्या देशाच्या पोशाखातल्या तीन विद्यार्थिनी त्यात दिसतात : आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. मातृभाषा वेगवेगळ्या, शिक्षण मात्र इंग्रजीतून. आज लहान गावांतूनही मुले परदेशी शिकायला जातात. आपले बोलणे मात्र फी, व्हिसा आणि नोकरीपाशीच थांबते. वर्गात तोंड उघडण्याची धास्ती, कोरियन किंवा ब्राझिलियन सोबत्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत जमलेली गट्टी, हे सांगायचे राहूनच जाते. आम्हाला तेच मोलाचे वाटते. म्हणून या अंकात विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले अनुभव दिले आहेत, अडखळण्यासकट. तुमच्या घरातल्या मुलामुलींनाही लिहायला सांगा. पुढील अंकात त्यांना जरूर जागा देऊ.