बर्व्यांनी न लिहिलेली पत्रं

टिळक-आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस आपल्याला शाळेपासून पाठ असतात. का गेले होते आत, असं विचारलं की उत्तर येतं, 'कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतली म्हणून.' आम्ही कोल्हापूरकर तर हे जरा कॉलर ताठ करूनच सांगतो. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायला आपण का कचरतो, हा माझा आजचा विषय. (मावशी, लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा!)

तर झालं असं. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या सफरीवर गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्सला वारले. त्यांची त्या सफरीतली रोजनिशी पुढे कॅप्टन वेस्ट यांनी छापली. फ्लोरेन्सला त्यांचं स्मारक अजून उभं आहे. गादीवर दत्तक आले ते नारायणराव, म्हणजे चौथे शिवाजी महाराज. वय आठ. कारभार अर्थातच इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे. मुलगा मोठा होत गेला तशा पुण्यापर्यंत बातम्या पोचू लागल्या की महाराजांचे हाल होताहेत, त्यांना वेडं ठरवण्याचा घाट आहे. १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेले 'केसरी' आणि 'मराठा' वर्षभरातच या प्रकरणावर तुटून पडले. संपादक टिळक आणि आगरकर, दोघेही पंचविशीतले, न्यू इंग्लिश स्कूलचे मास्तर.

इथवर सगळं ठीक. पुढे आली पत्रं. बर्व्यांच्या नावची पत्रं, महाराजांविरुद्धच्या कटात खुद्द कारभाऱ्याचा हात दाखवणारी. कुणीतरी आणून दाखवली, यांना खरी वाटली, आणि त्यांच्या आधारावर मजकूर छापून आला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि ती पत्रं बनावट निघाली. बर्व्यांनी ती लिहिलेलीच नव्हती.

हे कळल्यावर दोघांनी माफी मागितली. ही माफी आपल्या गोष्टीतून गळून पडते, याचं मला फार नवल वाटतं. माफी मागूनही बर्व्यांनी खटला सोडला नाही, आणि १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस त्यानंतर सहाच दिवसांनी, म्हणजे कोठडीत. खटला चालू असतानाच मार्चमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले होते, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. शाळा आणि दोन वर्तमानपत्रं, सगळाच डोलारा हलला असणार. जामिनासाठी जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे उभे राहिले, हेही आपण फारसं सांगत नाही. पुढच्या भांडणांच्या हिशोबात ते बसत नाही ना! १९ दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, आणि 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर 'विकारविलसित' १८८३ ला आलं. राजवाड्यात कोंडमारा झालेल्या, वेडा म्हणवल्या गेलेल्या राजपुत्राची गोष्ट! कोल्हापूर मनात नव्हतं असं कोण म्हणेल? (हा आपला माझा तर्क हं.)

आता मला खटकतं ते सांगतो. बर्वे कोर्टात जिंकले. त्यांच्या नावावर खपवलेली पत्रं खोटी होती हे सिद्ध झालं. तरीही मराठी माणसाच्या आठवणीत बर्वे म्हणजे खलनायकच. नाव सुद्धा धड आठवत नाही, 'तो कोण तो दुष्ट कारभारी' एवढंच. कारभारी म्हणून ते कसे होते यावर वाद घाला, खुशाल घाला. पण जी पत्रं माणसाने लिहिलीच नाहीत ती त्याच्या गळ्यात दीडशे वर्षं बांधून ठेवायची, हा कुठला न्याय?

आणि याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. पत्रं खोटी निघाली म्हणून महाराजांबद्दलची काळजी खोटी होती का? नव्हती. २५ डिसेंबर १८८३ ला, म्हणजे हे दोघे सुटून चौदा महिने होतात न होतात तोच, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. तिथे त्यांना देखरेखीखाली ठेवलं होतं, आणि ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू आला. वय वीस. कोल्हापुरात त्यांच्या राज्याचा नवा राजवाडा बांधून पुरा होत होता तेव्हा. खटला चालला तो बर्व्यांच्या अब्रूचा. महाराजांचं काय चाललंय हा त्या कोर्टापुढचा प्रश्नच नव्हता. खरी पत्रं नसती तर नसती, नुसतं डोळ्यांनी दिसत होतं तेवढंच छापलं असतं तर? प्रश्न महाराजांच्या प्रकृतीवरच राहिला असता. बनावट कागद मध्ये आला आणि सगळी चर्चा कागदावर गेली. खोट्या पत्राने बर्व्यांचं नुकसान केलं त्याहून जास्त त्या मुलाचं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. त्याच सुमाराला अमेरिकेत गारफिल्ड नावाचा वकील-राजकारणी अध्यक्षपदाला उभा होता. १८८० च्या ऑक्टोबरात, मतदानाला दोन आठवडे राहिले असताना, न्यूयॉर्कच्या 'ट्रूथ' नावाच्या पत्राने त्याच्या नावचं एक पत्र छापलं: चिनी मजुरांना येऊ द्यावं अशा अर्थाचं. बनावट होतं. तो निवडून आला, पण कॅलिफोर्निया थोडक्यात हातची गेली. मग १८८७ ला लंडनच्या 'टाइम्स'ने आयरिश पुढारी पार्नेल याच्या नावची पत्रं छापली. ती पिगॉट नावाच्या इसमाने तयार केलेली. चौकशीत त्याला काही शब्द लिहायला लावले, आणि पत्रातली स्पेलिंगची चूक त्याने तिथेच पुन्हा केली! पुढे माद्रिदला पळून जाऊन त्याने स्वतःला गोळी घातली, आणि 'टाइम्स'ने पार्नेलला पाच हजार पौंड मोजले. म्हणजे जगातलं भलंभलं वर्तमानपत्रही यात फसलंय. दोन पंचविशीतले मास्तर फसले तर मी त्यांना हसणार नाही.

आपल्या जुन्या दफ्तरात याची काळजी घेतलेली दिसते. पत्र कारकुनाच्या हातचं, पण वर शिक्का, शेवटी 'मर्यादेयं विराजते'चं मोर्तब. मोर्तबाच्या खाली कुणी ओळ घुसडली तर ती लगेच उघडी पडायची. खासगी चिठ्ठीला मात्र असलं कुंपण नाही. अक्षर सारखं वाटलं की झालं. आणि ज्याच्यावर आधीच राग आहे त्याचं अक्षर फार लवकर सारखं वाटतं.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दर आठवड्याला कुणा ना कुणा पुढाऱ्याचं 'गुप्त पत्र' येतं. कुणी विचारलं, खरं आहे का हो? तर उत्तर ठरलेलं: 'हे खरं नसेल, पण तो माणूस तसाच आहे.' (दादा, तुला उद्देशून नाही. बरं, थोडं तुलाही आहे!) १८८२ ला निदान हे वाक्य कुणी म्हटलं नाही. पत्रं खोटी म्हटल्यावर संपादकांनी छापून माफी मागितली, आणि वर शिक्षाही भोगली.

पुढची गंमत तर इतिहासच करतो. ज्या कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी टिळक तुरुंगात गेले, त्याच गादीवर १८८४ साली दत्तक आलेल्या शाहू महाराजांशी वेदोक्त प्रकरणात त्यांचं बिनसलं. तुरुंगात एका खोलीत रात्र रात्र वाद घालणारे टिळक आणि आगरकरही पाच वर्षांत वेगळे झाले. शाहू महाराजांचे कागद शिवाजी विद्यापीठाने खंडांमागून खंड काढून छापले, त्यामुळे त्या वादात कोण काय म्हणालं हे निदान मूळ कागदावरून बघता येतं. चौथ्या शिवाजी महाराजांच्या त्या बारा वर्षांसाठीही असंच काम व्हावं, बर्व्यांची त्यांनी स्वतः लिहिलेली खरी पत्रंही त्यात यावीत, असं मला फार वाटतं. ती वाचून माणूस कदाचित आणखी वाईट निघेल, कदाचित बरा. पण जे काही असेल ते त्याच्या स्वतःच्या हातचं असेल.

गटावरच्या भाचेमंडळींपैकी कुणाला मोडी शिकायची असेल तर सांगा. घरी बसून बाराखडीपासून सुरुवात करू.