दोन दिवसांत पांगपेमा!

देवगाव फाट्यावरच्या टपरीत आमच्या तरुण मंडळींचा बेत शिजतो आहे: नेपाळात जायचे, कांचनजुंगाच्या उत्तर तळछावणीला, पांगपेमाला, उंची 5,143 मीटर! बेताशी माझे वैर नाही. वैर आहे ते रजेच्या हिशेबाशी. म्हणे, वाटेवरच्या घुन्सा गावापासून दोन दिवसांत वर! अहो, घुन्साच साडेतीन हजार मीटरांच्या आसपास. तिथून पुढचा चढ म्हणजे समुद्रापासून मोजलेली जवळजवळ अख्खी कळसूबाई! तीन हजारांवर निजण्याची जागा रोज फार तर पाचशे मीटरांनी उंचवावी, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, असा वैद्यकाचा दंडक आहे. "आम्ही कापसाची गाठोडी उचलणारी पोरं, आम्हांला काय होतंय?" विरळ हवा दंड चाचपून पाहत नाही, बाबांनो! फुप्फुसांत पाणी भरते, मेंदू सुजतो. आणि तालीमबाज गडीच घाई करतो. तुमचे ओझे वाहणाऱ्या हमालालाही छाती असते, हे तर कुणाच्या गावीच नाही. 2019 साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे दहा जण कांचनजुंगाच्या माथ्यावर पोचले, ते काही आठवड्याच्या रजेवर नव्हे. यांच्या यादीत बूट आहेत, टोप्या आहेत, चिवडासुद्धा आहे. थांबण्याचा दिवस तेवढा नाही. जादा रजा मिळत नसेल तर यंदा कळसूबाईला चला. मीही येतो.